तरतुदीचा कागद

कराडच्या एस. टी. स्थानकासमोर मोबाइल-दुरुस्तीचे एक अरुंद दुकान होते. २००७ सालच्या पावसाळ्यात, प्रीतिसंगमावर चढलेल्या पाण्याचे छायाचित्र पुण्याच्या बहिणीस धाडावे एवढ्या साध्या इच्छेने मी त्या दुकानाची पायरी चढलो, कारण नव्या नोकिया फोनमधून छायाचित्र निघता निघत नव्हते आणि प्रत्येक प्रयत्नाअंती पडद्यावर जोडणी नसल्याची तीच ओळ उमटत होती. दुकानदाराने फोन हाती घेतला, सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका क्रमांकावर एका शब्दाचा संदेश धाडला आणि फोन परत देत तो म्हणाला, "काका, सेटिंग मागवलंय. आलं की सेव्ह करा." दोन मिनिटांनी फोन थरथरला. सेटिंग आले आहे, साठवावयाचे काय, अशी पृच्छा पडद्यावर झाली, होकार देताच चार आकडी पिन मागण्यात आला, आणि तो मला ठाऊक नाही हे जाणून दुकानदार हातातील डाख देण्याच्या तापलेल्या सळईवरून दृष्टी न काढता उत्तरला, "एक, दोन, तीन, चार. सगळ्यांचा तोच असतो."

मी आकडे दाबले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, आणि कृष्णा-कोयनेचे पाणी पुण्यास पोहोचले. त्या क्षणी वाटलेला आनंद मला आजही आठवतो. परंतु त्याहून अधिक आठवते ते दुकानदाराचे ते वाक्य. आपल्या यंत्रास कोणी तरी दुरून एक आज्ञा पाठविली, त्या आज्ञेत काय लिहिले होते ते मी वाचले नाही, ती कोणाची होती ते मी विचारले नाही, आणि तिच्यावरील मोहोर म्हणून जी होती ती सगळ्यांचीच एक होती, ही जाणीव पुढे अनेक वर्षांनी, त्या आज्ञापत्राची घडण अभ्यासू लागल्यावर मला झाली. प्रस्तुत लेख त्या अभ्यासाचा वृत्तान्त आहे.

* * *

ज्या कागदाने माझा फोन मार्गी लागला त्यास त्या व्यवसायात प्रोव्हिजनिंग फाईल म्हणतात. ह्या शब्दासाठी आपणांस नवा प्रतिशब्द घडवावयास नको, कारण आपल्या दप्तरांत तो तीनशे वर्षांपासून पडून आहे. गडाची तटबंदी उभी राहिली, बुरूज चढले, दरवाजे बसले, तरी धान्य, दारूगोळा, तेल आणि पाणी ह्यांची तरतूद झाल्यावाचून तो गड नांदता होत नसे. आणि मोबाइल फोनची अवस्था तंतोतंत तशीच असते. कारखान्यातून बाहेर पडणारे यंत्र सर्वांगाने सिद्ध असले, तरी आपण कोणत्या मुलखात, कोणाच्या अमलाखाली आणि कोणत्या वेशीतून बाहेरच्या जगाशी व्यवहार करावयाचा, ह्याविषयी ते त्या काळी पूर्णपणे अनभिज्ञ असे.

ही वेस म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेम, व्यवहारातील एपीएन. बीएसएनएलच्या ग्राहकास 'बीएसएनएलनेट' असे लिहावे लागे, एअरटेलच्या ग्राहकास 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' असे; त्यातील एखादे अक्षर चुकले की वेस बंद. त्याखेरीज मधल्या मध्यस्थ यंत्राचा, म्हणजे प्रॉक्सीचा, आकड्यांच्या चार गटांनी बनलेला पत्ता, त्याचे द्वार (फोनवरील इंटरनेटच्या जुन्या वॅप पद्धतीत बहुधा ९२०१, पुढील पद्धतीत ८०८०), छायाचित्र-संदेश ज्या केंद्रातून जावयाचे त्याचा निराळा पत्ता, आणि प्रसंगी वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द, इतका ऐवज भरावा लागे. ज्या फोनवर 'स' अक्षराच्या रोमन चिन्हासाठी एकच कळ चार वेळा दाबावी लागे त्या फोनवर हा मजकूर बिनचूक टंकित करणे हे सामान्य गृहस्थाच्या सहनशीलतेची कसोटी पाहणारे कृत्य होते, आणि म्हणूनच दुकानदाराच्या ज्ञानास तेव्हा मोल होते.

भारतात हा गुंता अधिकच होता. १९९५ साली देशात मोबाइल सेवा सुरू झाल्यापासून परवाने प्रदेशवार दिले गेले, आणि आज त्या प्रदेशांची, म्हणजे परिमंडळांची, संख्या २२ आहे. 'महाराष्ट्र' नावाच्या परिमंडळात गोव्याचा अंतर्भाव होतो, परंतु मुंबईचा होत नाही, कारण मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ. सिमकार्डात कोरलेल्या, बहुधा पंधरा आकडी असलेल्या ओळख-क्रमांकाचे, म्हणजे आयएमएसआयचे, पहिले तीन आकडे देश सांगतात (आपल्याकडे ४०४ किंवा ४०५), आणि पुढील दोन किंवा तीन आकडे कंपनी व परिमंडळ सांगतात. ह्या पाच-सहा आकड्यांत माणसाच्या मुलखाचा पत्ता असतो. तो वाचून त्याच्या फोनला योग्य त्या वेशीचे नाव कळविणे, हेच तरतुदीच्या कागदाचे मूळ प्रयोजन.

* * *

हा कागद पाठवावयाचा कोणत्या वाटेने, हा पहिला प्रश्न होता. ज्या फोनला इंटरनेटची वेसच ठाऊक नाही त्यास वेशीचे नाव इंटरनेटवरून कसे कळवावे? तेव्हा उपलब्ध असलेली एकमेव वाट लघुसंदेशाची, एसएमएसची होती. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ ह्या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या, तो ह्या वाटेवरील पहिला प्रवासी. ही वाट अतिशय अरुंद: एका संदेशात १६० रोमन अक्षरे, म्हणजे केवळ १४० बाइट. एवढ्याशा बोळातून आज्ञापत्र न्यावयाचे होते.

प्रारंभी नोकिया आणि एरिक्सन ह्या दोन कंपन्यांनी आपापसांत एक पद्धत ठरविली. पुढे १९९७ साली एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट ह्यांनी स्थापिलेल्या वॅप फोरमने २००१ साली सर्वांस समान असा नमुना प्रसिद्ध केला, आणि २००२ साली वॅप फोरमचे काम ओपन मोबाइल अलायन्स ह्या व्यापक संस्थेत विलीन झाल्यावर तो नमुना 'क्लायंट प्रोव्हिजनिंग' ह्या नावाने रूढ झाला. कराडला मला आलेले सेटिंग ह्याच घराण्यातील होते.

त्याची रचना पाहू लागलो की एखादा सुव्यवस्थित ताळेबंद पाहिल्याचे समाधान लाभते. मजकूर एक्सएमएल ह्या खुणांच्या भाषेत लिहिलेला असतो. सर्वांत बाहेरचे वेष्टन 'वॅप-प्रोव्हिजनिंगडॉक' हे. त्याच्या पोटात 'कॅरॅक्टरिस्टिक' नावाची प्रकरणे, आणि प्रत्येक प्रकरणात 'पार्म' नावाच्या कलमांच्या ओळी, ज्यांत एका बाजूस कलमाचे नाव व दुसऱ्या बाजूस त्याचे मूल्य. 'नॅपडेफ' ह्या प्रकरणात वेशीचे वर्णन, 'पीएक्सलॉजिकल' ह्यात मध्यस्थाचे, 'ॲप्लिकेशन' ह्यात ज्या कामासाठी हे सर्व करावयाचे त्या कामाचे. त्या शेवटच्या प्रकरणात कामाची ओळख एका संकेताने पटते: न्याहाळकासाठी, म्हणजे ब्राउझरसाठी, 'डब्ल्यू२', छायाचित्र-संदेशासाठी 'डब्ल्यू४', आणि टपालासाठी २५, ११० व १४३ हे आकडे, जे इंटरनेटवर टपालाच्या द्वारांचे परंपरागत क्रमांकच आहेत. प्रकरणे परस्परांस नावाने हाक मारतात: ॲप्लिकेशन म्हणते की माझा मध्यस्थ अमुक, मध्यस्थ म्हणतो की माझी वेस तमुक, आणि अशा रीतीने अर्ध्या पानाच्या मजकुरात एका फोनचा संपूर्ण दळणवळणाचा कारभार मांडला जातो.

परंतु अर्धे पान म्हणजे सुद्धा हजाराहून अधिक अक्षरे, आणि बोळ तर १४० बाइटांचा. ह्यावर योजलेली युक्ती मोडी लिपीच्या अभिमानी वाचकास विशेष रुचेल. ज्याप्रमाणे मोडीतला कारकून वारंवार येणारे शब्द पूर्ण न लिहिता ठरलेल्या संक्षेपांनी लिही, त्याप्रमाणे येथे प्रत्येक ठरीव शब्दास एकेक बाइट नेमून दिला आहे. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास 'वॅप-प्रोव्हिजनिंगडॉक' हे लांबलचक नाव केवळ ४५ ह्या चिन्हाने येते, 'पार्म'ची संपूर्ण खूण ८७ ह्या चिन्हाने, आणि कोणतेही प्रकरण संपले हे सांगावयास ०१ पुरते. असा आक्रसलेला मजकूर दोन-तीन-चार संदेशांत विभागून निघतो, आणि त्याच्या माथ्यावर २९४८ हा द्वार-क्रमांक असतो, ज्यामुळे फोन तो इनबॉक्समध्ये टाकून न देता कारभाऱ्याच्या हाती सोपवितो. कागदाच्या काटकसरीचे एवढे सुरेख उदाहरण अर्वाचीन यंत्रशास्त्रात मला क्वचितच आढळले आहे.

* * *

आता मोहोरेचा प्रश्न. आपल्याकडील राजपत्रांत आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. त्या मोर्तबाचे कार्य शोभेचे नव्हते; मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी अक्षर वाढविल्यास ते खोटे, अशी ती लेखनाची सीमा होती. प्रोव्हिजनिंगचा नमुना रचणाऱ्यांनीही मोर्तबाची योजना केली होती. संपूर्ण मजकूर आणि एक गुप्त किल्ली ह्यांच्या गणिती मिश्रणातून २० बाइटांची एक मुद्रा निघते. मजकुरातील एक टिंब जरी बदलले तरी मुद्रा जुळत नाही, आणि किल्ली जवळ असल्यावाचून नवी मुद्रा उठविता येत नाही. गणिताच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती. प्रश्न एवढाच होता की किल्ली कोणती वापरावयाची.

नमुन्याने दोन प्रमुख पर्याय दिले. एक, सिममधील आयएमएसआय हीच किल्ली, जी ग्राहकाच्या कंपनीस ठाऊक असते व फोनलाही ठाऊक असते. दुसरा, ग्राहकास निराळ्या मार्गाने, म्हणजे दूरध्वनीने वा टपालाने, कळविलेला पिन. दोन्हींमागील विचार प्रामाणिक होता. परंतु आयएमएसआय हे मुळात ओळखीचे चिन्ह आहे, गुपित नव्हे, आणि पिनाच्या बाबतीत तर व्यवहाराने शास्त्राचा पुरता पराभव केला. लक्षावधी ग्राहकांस लक्षावधी निराळे पिन कळविण्याचा खटाटोप टाळण्यासाठी एकच पिन सर्वांस देण्याचा प्रघात पडला, आणि एक-दोन-तीन-चार ही जगातील सर्वांत सोपी किल्ली मुद्रेच्या पेटीस लागली. दुकानदाराचे वाक्य म्हणजे त्या पराभवाची नोंद होती.

त्या ढिलाईची फळे पुष्कळ उशिरा दिसली. सप्टेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट ह्या सुरक्षा-संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की दहा डॉलरांच्या जीएसएम मोडेमच्या साहाय्याने कोणीही असा बनावट तरतुदीचा कागद धाडू शकतो, आणि त्यात मध्यस्थाचा पत्ता म्हणून स्वतःचे यंत्र लिहून दुसऱ्याच्या फोनची वाहतूक आपल्या दारावरून वळवू शकतो. सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनी ह्या चारही घराण्यांचे फोन त्यांनी तपासले. सॅमसंगच्या काही फोनांवर मुद्राच नसलेला कागदही पुढे ठेवला जात असे, केवळ मालकाने होकार द्यावयाचा. इतरांवर आयएमएसआय ठाऊक असणे पुरत असे. आणि तोही ठाऊक नसल्यास? संशोधकांनी सुचविलेली रीत वाचताना मला कराडचे ते दुकान डोळ्यांपुढे आले: अगोदर कंपनीच्या नावाने एक साधा संदेश धाडावयाचा की सेटिंग येत आहे, पिन अमुक, मग त्याच पिनाची मोहोर उठवून कागद धाडावयाचा. किल्ली चोरच हाती देतो आणि घरधनी तीच फिरवितो. सॅमसंग व एलजी ह्यांनी त्याच वर्षी दुरुस्ती केली; तथापि दोष कोणा एका कारखान्याचा नव्हता. जो मालकास वाचता येत नाही आणि ज्याचा धनी ओळखता येत नाही अशा कागदास होकार देण्याची सवय आपण सर्वांनी मिळून लावून घेतली होती.

* * *

मध्यंतरी ह्या कागदाचा संसार विस्तारला. मायक्रोसॉफ्टने विंडोज मोबाइल ह्या आपल्या प्रणालीत तोच 'वॅप-प्रोव्हिजनिंगडॉक' घेतला आणि त्यास केवळ वेशीपुरते न ठेवता यंत्राच्या सर्व खात्यांवर अधिकार दिला. टपालाचे खाते, न्याहाळकातील आवडत्या पत्त्यांची यादी, सुरक्षेचे नियम, फार काय रजिस्ट्रीतील नोंदी, ह्या प्रत्येकाचा एक कारभारी नेमलेला असे, ज्यास 'कॉन्फिगरेशन सर्व्हिस प्रोव्हायडर' म्हणत. कागदातील प्रकरणाचे नाव पाहून तो तो कारभारी आपले कलम उचली. त्या काळी मोठ्या कचेऱ्यांत शंभर-दोनशे यंत्रे एकसारखी करावयाची असता तंत्रज्ञ ती फाईल एकदा काळजीपूर्वक लिहीत, 'रॅपीकॉन्फिग' ह्या आज्ञेने केबलवाटे एका यंत्रावर तिची परीक्षा घेत, आणि मग 'कॅब' नावाच्या गठ्ठ्यात बांधून सर्वांस वाटत. विंडोज मोबाइल अस्तास गेले, परंतु ती कारभाऱ्यांची योजना टिकली. आजच्या विंडोज संगणकांचे दुरून व्यवस्थापन त्याच नावाच्या कारभाऱ्यांकरवी होते.

ॲपलने २००८ साली, आयफोनच्या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर, 'मोबाइलकॉन्फिग' ह्या नावाचा आपला कागद आणला. त्यात प्रत्येक विषयाचे एक 'पेलोड' असते: वायफायचे एक, टपालाचे एक, प्रमाणपत्राचे एक, आणि २०१० पासून यंत्राचा संपूर्ण ताबा दूरच्या व्यवस्थापकाकडे सोपविणारेही एक. अँड्रॉइडने निराळा मार्ग धरला. वेशींची नावे त्याने यंत्राच्या पोटातच एका लांबलचक एक्सएमएल यादीत भरून ठेवली, त्यामुळे आज सिम घालताच फोन त्यातील आकडे वाचतो आणि आपली ओळ आपण शोधतो. कराडच्या दुकानदाराचे ते काम त्या यादीने संपविले. कचेरीच्या ताब्यासाठी मात्र २०१६ पासून अशी सोय झाली की कोऱ्या फोनच्या स्वागताच्या पडद्यावर सहा वेळा बोट टेकवावे आणि एक क्यूआर चौकट दाखवावी. त्या चौकटीत तरतुदीचा सारा मजकूर असतो, आणि फोन त्या क्षणापासून संस्थेचा होतो.

ह्या सोयीचे मोल मी कमी लेखीत नाही. शेकडो कर्मचाऱ्यांस शेकडो यंत्रे वाटावयाची, ती हरवल्यास आतील माहिती पुसावयाची, त्यांत भलते काही शिरू द्यावयाचे नाही, ही कामे हाताने होण्यासारखी नाहीत. परंतु हाच अधिकार हप्त्यावर घेतलेल्या फोनास हप्ता थकताच दुरून कुलूप घालण्यासाठीही वापरला जातो, आणि त्या कुलपाची तरतूद दुकानाच्या काउंटरवर, फोनचा डबा उघडताना, ग्राहकाच्या देखत पण त्याच्या नकळत झालेली असते. करारात ते कोठे तरी लिहिलेले असेलही. ग्राहकाने ते वाचलेले नसते.

आणि ह्याहून गंभीर प्रसंग आपल्याच देशात घडला. जुलै २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस ह्या संशोधन-विभागाने जाहीर केले की भारतातील १३ आयफोन कोणा अज्ञाताने स्वतः उभारलेल्या व्यवस्थापन-केंद्रास जोडून घेतले होते. त्या अधिकाराच्या बळावर व्हॉट्सॲप व टेलिग्राम ह्यांच्या विकृत केलेल्या प्रती त्या फोनांत बसविण्यात आल्या, आणि संदेश, संपर्क, छायाचित्रे, ठावठिकाणा हे सर्व बाहेर जाऊ लागले. अपराध्याने रशियन असल्याचा देखावा उभा केला होता, परंतु संशोधकांस सापडलेल्या खुणा भारताकडेच बोट दाखवीत होत्या. आयफोनचे कुलूप येथे कोणी फोडले नव्हते. प्रत्येक फोनवर कागद रीतसर दाखल झाला होता, आणि दाखल होताना कोणाच्या तरी बोटाने होकार दिला होता.

ॲपलने पुढे दुरुस्त्या केल्या. २०१९ पासून उतरवून घेतलेला कागद दाखल करण्याचा पडदा आपोआप समोर येत नाही. मालकाने स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन तो उघडावा लागतो, आणि त्यावरील सही पडताळलेली असेल तर हिरव्या अक्षरांत, नसेल तर तांबड्या अक्षरांत तसे लिहिलेले दिसते. मोर्तबाची जागा अशा रीतीने मालकाच्या डोळ्यांसमोर आली. ती वाचणे मात्र त्याच्याच हाती राहिले.

* * *

गेल्या वर्षी माझा भाचा पुण्यातील एका कचेरीत रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात त्यास एक दुवा आला: स्वतःच्या आयफोनवर ही प्रोफाइल टाका, म्हणजे टपाल आणि वायफाय सुरू होईल. त्याने दुपारी मला फोन केला. "मामा, करू का इन्स्टॉल?" मी त्यास संध्याकाळी घरी बोलाविले, आणि आम्ही तो कागद संगणकावर साध्या मजकुराप्रमाणे उघडून जेवणाच्या टेबलावर वाचावयास बसलो.

वायफायचे पेलोड होते, टपालाचे होते, एका प्रमाणपत्राचे होते. आणि चौथे यंत्राच्या व्यवस्थापनाचे होते, ज्यात 'ॲक्सेसराइट्स' ह्या कलमापुढे ८१९१ एवढाच आकडा होता. दिसावयास तो निरुपद्रवी, परंतु त्याची फोड करता येते. प्रत्येक अधिकारास एक, दोन, चार, आठ अशी दुपटीने वाढणारी किंमत दिलेली असून मंजूर अधिकारांची बेरीज तेथे लिहितात. चार म्हणजे फोनला कुलूप घालण्याचा व त्याचा पासकोड काढून टाकण्याचा अधिकार, आठ म्हणजे फोन संपूर्ण पुसून टाकण्याचा, आणि शेवटला ४०९६ म्हणजे ॲप बसविण्या-काढण्याचा. तेरा अधिकारांची संपूर्ण बेरीज बरोबर ८१९१ होते. म्हणजे त्या एका आकड्यात सर्व अधिकार आले होते, आणि त्याच फोनमध्ये माझ्या दिवंगत बहिणीची, म्हणजे त्याच्या आईची, सारी छायाचित्रे होती.

भाच्याने दुसऱ्या दिवशी कचेरीच्या तंत्रविभागात जाऊन शांतपणे विचारले की टपालासाठी फोन पुसण्याचा अधिकार आवश्यक आहे काय. तेथील गृहस्थांनी ते मनावर घेतले. कचेरीच्या मालकीच्या फोनांसाठी केलेला कागदच सर्वांस धाडला जात होता, असे आढळून आले. आणि दोन दिवसांनी त्यास नवा कागद आला, ज्यात तीनच पेलोड होते आणि सहीवर हिरवी अक्षरे होती. तोही आम्ही आरंभापासून अखेरपर्यंत वाचला. कलमे पटली, पाठविणारा कोण ते कळले, मुद्रा जुळली. मग त्याने आपला पासकोड, जो त्याच्याखेरीज कोणास ठाऊक नाही, टंकित केला आणि 'इन्स्टॉल' ह्या शब्दावर बोट ठेवले.